‘यात तुमचं काय?’ : मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांत विकतचे सुचवताना



मंडळाच्या जुन्या स्मरणिकेचे काय झाले, असे गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांनी विचारले. त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी दिले आहे. पण ते शोधताना आम्ही एक वेगळीच गोष्ट शिकलो. ती घरोघरी उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून आधी ती सांगतो.

स्मरणिका निघाली त्याला आता वीसेक वर्षे झाली. सायली, आमली, मसाट, नरोली, राखोली इथल्या ज्येष्ठांनी तीत आपापल्या आठवणी लिहिल्या होत्या. कोणी पहिल्या कारखान्यात कामाला लागले तेव्हाच्या, कोणी दमणगंगेच्या पुराच्या, तर एक-दोघांनी १९५४ साली लहानपणी जे पाहिले त्याच्या. त्या लिहिणाऱ्यांपैकी निम्मे लोक आज आपल्यात नाहीत. छापील प्रती दोनच उरल्या, आणि त्यातली एक वाळवीने खाल्ली. सीडी मात्र नीट होती. ती संगणकात घातली तर पानेच्या पाने रोमन अक्षरे आणि चिन्हे, मराठीचा पत्ता नाही!

कारण साधे होते. मजकूर त्या काळच्या एका विकतच्या मराठी पॅकेजमध्ये टाइप केला होता. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या खाचेत एक डाँगल बसवावा लागे, तो असेल तरच पॅकेज चाले. तो संगणक भंगारात गेला आणि डाँगल कुठे गेला ते कोणालाच आठवत नाही. त्या पॅकेजने मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले होते, त्यामुळे त्याचा फाँट नसला की खालची रोमन अक्षरे उघडी पडतात.

आता कबुली. ते पॅकेज मंडळाला आम्हीच सुचवले होते. शाखेत आम्ही तेच वापरत होतो, काम सुबक होई, म्हणून ‘हेच घ्या’ म्हणालो. उद्या ते बंद पडले तर मजकूर बाहेर कसा काढायचा, हे आम्ही विचारले नाही आणि कोणाला सांगितलेही नाही.

पुण्याची बैठक

आमची एक भाची पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. ती मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या एका गटात जाते. अशी मंडळे पुण्या-मुंबईत बऱ्याच वर्षांपासून आहेत. लोक सुट्टीच्या दिवशी जमतात, एकमेकांच्या अडचणी सोडवतात, कोणी कोणाकडून पैसे घेत नाही. ती म्हणाली, “काका, सीडी घेऊन या, कोणीतरी वाट दाखवेल.” आम्ही गेलो.

आम्ही प्रश्न मांडला : या जुन्या मजकुराचे युनिकोड मराठी करायला काही मुक्त साधन आहे का? तीन प्रकारची उत्तरे मिळाली.

पहिल्या गृहस्थांनी लगेच एका विकतच्या कन्व्हर्टरचे नाव सांगितले. ‘डोळे मिटून घ्या, दुसरे काही चालतच नाही’ असे म्हणाले आणि कार्ड हातात दिले. बैठक संपल्यावर कळले, ते सॉफ्टवेअर विकण्याचा त्यांचाच धंदा होता.

दुसऱ्या तरुणाने आम्हाला झापलेच. ‘असले बंदिस्त पॅकेज वापरलेच कशाला? आता भोगा.’ त्याचे म्हणणे खरे होते, पण त्याने स्मरणिकेचे एकही पान उघडले नाही.

तिसरे गृहस्थ खुर्ची ओढून शेजारी बसले. फाँट कोणता ते पाहिले, अशा फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे एक मुक्त साधन दाखवले आणि दोन पाने तिथल्या तिथे करून दिली. मग म्हणाले, “यात रफार आणि पहिली वेलांटी चुकेल, हाताने सुधारावी लागेल. पुरे पडलं नाही तर एक विकतचं साधन आहे. ते बंदिस्त आहे, पैसे एकदाच भरायचे. माझा त्यांच्याशी काही संबंध नाही. पण त्यातून बाहेर येतं ते साधं युनिकोड, म्हणजे पुन्हा कुठे अडकणार नाही.”

विकतचे नाव पहिल्यांनीही घेतले आणि तिसऱ्यांनीही. पहिल्यांचा राग आला, तिसऱ्यांचे आभार मानावेसे वाटले. असे का झाले, हेच या लेखात सांगायचे आहे.

त्याच बैठकीत थोड्या वेळाने आमच्याही हातून चूक झाली. एका मुलाने विचारले, वडिलांचे छोटे दुकान आहे, हिशेबासाठी मुक्त काय वापरावे? आयुष्यभर खतावण्या पाहिलेल्या माणसाला राहवते थोडेच! आम्ही बोलून गेलो, “टॅली घे, विषय संपला.” खोलीत क्षणभर शांतता पसरली. चहाच्या वेळी भाची हळूच म्हणाली, “काका, त्याने मुक्त काय ते विचारलं होतं. विषय तिथे सुरू होत होता, तुम्ही संपवला.”

मुक्त म्हणजे फुकट नव्हे

पुढचे समजण्यासाठी हा फरक आधी नीट पाहू. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्याने तिकडे फार घोटाळा होतो. मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. आणि दादरा-नगर हवेलीत तर ‘मुक्त’चा अर्थ कोणाला शिकवावा लागत नाही. दर २ ऑगस्टला आपण मुक्तिदिन साजरा करतो, त्याचे कारण काही इथे वस्तू फुकट मिळू लागल्या हे नाही.

रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ साली ‘जीएनयू’ प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले. त्या विचारानुसार सॉफ्टवेअर मुक्त ठरण्यासाठी वापरणाऱ्याला चार मोकळिकी हव्यात : कोणत्याही कामासाठी ते चालवणे, त्याची मूळ आज्ञावली वाचून आपल्या गरजेप्रमाणे बदलणे, त्याच्या प्रती दुसऱ्यांना देणे, आणि आपण सुधारलेली प्रतही वाटणे. यात किमतीचा उल्लेख कुठेच नाही. स्टॉलमन स्वतः त्या सुरुवातीच्या काळात आपल्या ‘ईमॅक्स’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या टेप १५० डॉलरना विकत असत. रेड हॅट ही कंपनी मुक्त सॉफ्टवेअरवर सेवा आणि जबाबदारी विकून मोठी झाली आणि २०१९ साली आयबीएमने ती सुमारे ३४ अब्ज डॉलरना घेतली.

म्हणजे खरे पाहता चार खण होतात.

फुकट आणि मुक्त : लिबरऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी.

फुकट पण बंदिस्त : व्हॉट्सॲप, गुगल डॉक्स. पैसे लागत नाहीत, पण आत काय चालते ते पाहता येत नाही आणि मालकाने उद्या नियम बदलले तर आपण काही करू शकत नाही.

विकतचे पण मुक्त : पैसे सेवेचे, देखभालीचे. मोकळिकी शाबूत.

विकतचे आणि बंदिस्त : टॅली, मायक्रोसॉफ्ट ऑफिस आणि बहुतेक नेहमीची दुकानी सॉफ्टवेअरे.

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना खुपतो तो बंदिस्तपणा. म्हणून ‘अहो, हे तर फुकट आहे’ असे सांगून दुसऱ्या खणातली वस्तू पुढे केली तरी त्यांचे समाधान होत नाही. उलट तिसऱ्या खणातली विकतची वस्तू ते आनंदाने घेतील. आपण समजतो की ही मंडळी पैसे वाचवायला जमली आहेत. तसे काही जण असतातही, त्यात गैर काही नाही. पण गटाचा हेतू तो नसतो.

मग एवढे का दुखावतात?

एकादशीला उपवास करणाऱ्याच्या घरी जाऊन आपण ‘त्यापेक्षा वडापाव खा, पोट भरेल’ म्हणत नाही. वडापाव वाईट आहे म्हणून नव्हे, तर त्या माणसाने काहीतरी ठरवले आहे म्हणून. पहिले कारण इतके साधे आहे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. अशा गटात जो प्रश्न अनुत्तरित राहतो त्यातूनच पुढे काम उभे राहते. ‘हे मुक्त साधनात होत नाही’ असे चार जणांनी म्हटले की पाचवा ते लिहायला बसतो. तिथे कोणी ‘अमुक विकत घ्या’ म्हणून प्रश्न मिटवला की ती गरजच नजरेआड होते.

याचे गाजलेले उदाहरण खुद्द लिनक्सच्या घरातले आहे. लिनक्सचा गाभा जगभरचे हजारो लोक मिळून लिहितात. कोणी कुठे काय बदलले याची नोंद ठेवायला २००२ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी ‘बिटकीपर’ हे एका कंपनीचे बंदिस्त सॉफ्टवेअर वापरायला घेतले. कंपनीने मुक्त प्रकल्पांकडून पैसे घेतले नाहीत, पण अट घातली की ते वापरणाऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या साधनावर काम करायचे नाही. ते कसे वापरावे याची माहिती लिनक्सच्या कागदपत्रांतही घातली गेली. ही तर घरात लावलेली जाहिरात आहे, काढून टाका, असा प्रस्ताव एका विकसकाने मांडला. टॉरवाल्ड्स यांनी तो मानला नाही. त्यांचे म्हणणे होते की कामाला जे सर्वांत चांगले ते वापरावे.

तीन वर्षे हे चालले. मग अँड्र्यू ट्रिजेल या विकसकाने बिटकीपरशी जुळणारे मुक्त साधन बनवायला घेतले, त्यावरून वाद पेटला आणि २००५ साली कंपनीने ती फुकट वापराची सवलतच काढून घेतली. घरमालकाने बिऱ्हाड रिकामे करायला सांगावे तसे झाले. टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये स्वतःच नवे साधन लिहायला घेतले आणि ते काही दिवसांतच कामाला लागले. त्याचे नाव ‘गिट’. आज आपल्या मुला-मुलींपैकी जे कोणी सॉफ्टवेअरमध्ये आहेत ते जवळजवळ सगळे रोज गिट वापरतात. बिटकीपरही पुढे २०१६ साली मुक्त परवान्याखाली खुले झाले.

या गोष्टीत लबाड कोणी नव्हते. टॉरवाल्ड्स यांनी काही लपवले नव्हते आणि साधन खरोखर चांगले होते. अडचण आली ती बाहेर पडायची वाट आधी आखलेली नव्हती म्हणून. आमच्या स्मरणिकेचेही हेच झाले. आमची गोष्ट फक्त एका सीडीएवढी लहान.

पण विकतचे सांगावेच लागते तेव्हा

म्हणून विकतचे नाव कधीच घ्यायचे नाही का? तसेही नाही. कधी कधी ते न सांगणे हीच फसवणूक ठरते.

दुकानदाराच्या मुलाचेच घ्या. जीएनयूखाता हे मुक्त हिशेब सॉफ्टवेअर मुंबईतल्या मंडळींनी विकसित केले आहे. तेच आधी सांगायला हवे होते. पण जीएसटीची विवरणपत्रे भरणारे सीए साहेब ‘मला टॅलीतच पाहिजे’ म्हणत असतील, तर तेही त्या मुलाला कळायला हवे. दंड भरायची वेळ आली तर तो वडिलांना भरावा लागेल, सल्ला देणाऱ्याला नाही. म्हणून सांगताना असे सांगावे : आधी सीएंना विचार. चालत असेल तर मुक्त घे. नसेल तर टॅली विकतचे आणि बंदिस्त आहे हे समजून घे, आणि दर महिन्याला सगळी माहिती एक्सेलमध्ये काढून वेगळी जपून ठेव.

दुसरे उदाहरण दृष्टिहीनांचे. संगणकाच्या पडद्यावरचे वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरे असतात. त्यांतले जॉज हे विकतचे आहे आणि त्याला हजारो रुपये लागतात. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी एनव्हीडीए हे मुक्त साधन लिहायला घेतले, पुढे जेम्स तेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही दृष्टिहीन. ते आज फुकट मिळते आणि ईस्पीक या मुक्त आवाजामार्फत मराठीही वाचते. आवाज यांत्रिक आहे, पण सवयीने कळतो. आता गंमत पाहा : एनव्हीडीए चालते विंडोजवर, आणि विंडोज स्वतः बंदिस्त. लिनक्सवर ओर्का नावाचे मुक्त वाचक-साधन आहे. एखाद्या माणसाची नोकरीच अशी असेल की कचेरीतले सॉफ्टवेअर फक्त जॉजनेच नीट वाचले जाते, तर त्याला जॉजचे नाव न सांगणे हा तत्त्वाचा विजय म्हणायचा का? आम्हाला तरी वाटत नाही. एनव्हीडीए आणि ओर्का आधी दाखवावे, त्यांची मर्यादा सांगावी, आणि मग जॉजचे नाव किमतीसह घ्यावे.

हा तोल मोठमोठ्या प्रकल्पांनीही साधला आहे. डेबियन या लिनक्स प्रणालीने १९९७ साली आपला सामाजिक करार प्रसिद्ध केला. आमची प्रणाली पूर्ण मुक्त राहील असे त्यात वचन आहे, आणि काही वापरणाऱ्यांना मुक्त नसलेल्या गोष्टींची गरज पडते हेही त्यात मान्य केले आहे. म्हणून तशा गोष्टी वेगळ्या विभागात ठेवल्या, त्यावर ‘मुक्त नाही’ अशी स्पष्ट पाटी लावली आणि हा विभाग डेबियनचा भाग नाही असे लिहून ठेवले. पुढे वायफायसारखे भाग बंदिस्त फर्मवेअरशिवाय चालेनात, तेव्हा २०२२ साली सभासदांनी मतदान करून ते फर्मवेअर अधिकृत स्थापना-संचात घ्यायचे ठरवले आणि २०२३ सालच्या आवृत्तीपासून ते आले. वाद भरपूर झाला, पण उघडपणे झाला.

आणि पैसा हा मुक्ततेचा शत्रू नव्हे, याचे आपल्या पुण्याचेच उदाहरण आहे. ‘लोहित’ हे देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांचे फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या व्यापारी कंपनीने घडवले. रेड हॅटने ते मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुले केले, आणि २०११ साली त्यांना फाँटसाठीचा खास मुक्त परवाना मिळाला. लोहित म्हणजे लाल, रेड हॅटच्या नावावरून. बनवणारे व्यापारी होते, त्यांचे काम शेवटी सर्वांचे झाले.

‘साहेब, यात तुमचं काय?’

आता जी गोष्ट सांगतो ती सॉफ्टवेअरची नाही, पण आमच्या मते या विषयाचे मूळ तिच्यात आहे.

आम्ही बँकेत अधिकारी असताना शाखांना विमा पॉलिसी विकण्याचे उद्दिष्ट दिलेले असे. मार्च जवळ आला की वरून रोज फोन. अशाच एका मार्चमध्ये एक निवृत्त शिक्षक मुदत ठेव करायला आले. रक्कम बरी होती. आम्ही त्यांना पॉलिसी सुचवली. ती वाईट नव्हती, कागदावर सगळे खरे होते. ते ऐकून घेत होते. मग चष्मा काढून त्यांनी सरळ विचारले, “साहेब, यात तुमचं काय?”

आम्ही हसलो आणि म्हणालो, “आमचं काय असणार, गुरुजी? तुमच्या भल्याचंच सांगतोय.” बँकेला कमिशन मिळते आणि आमच्या शाखेचे उद्दिष्ट अपुरे आहे, हे आम्ही सांगितले नाही. दोन वर्षांनी पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी ते पैसे काढायला आले. पॉलिसी मध्येच मोडली तर भरल्यापेक्षा बरेच कमी हातात येणार होते. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “तेव्हा विचारलं होतं मी.”

सल्ला चुकू शकतो, ते लोक माफ करतात. पण सल्ला देणाऱ्याने आपला हिस्सा लपवला होता असे मागाहून कळले, तर त्याचा आधीचा खरा सल्लाही खोटा वाटू लागतो. पुण्याच्या बैठकीत त्या कार्डवाल्या गृहस्थांचे कन्व्हर्टर कदाचित उत्तम असेल. ‘मी हे विकतो’ एवढे पहिल्या वाक्यात म्हणाले असते तर आम्ही नीट ऐकून घेतले असते. मुक्त सॉफ्टवेअरचे गट तर विश्वासावरच चालतात. तिथे पगार नाही, फी नाही, एकमेकांच्या शब्दाखेरीज दुसरे भांडवल नाही.

मग रीत कोणती?

त्या बैठकीतल्या तिसऱ्या गृहस्थांकडून आणि आमच्या चुकांवरून जे उमगले ते असे.

१. प्रश्न आधी नीट ऐकावा. विचारणाऱ्याला मुक्त हवे आहे, फुकट हवे आहे, की आज संध्याकाळी काम व्हायला हवे आहे? कळले नाही तर विचारावे.

२. मुक्त पर्याय आधी सांगावा, आणि तो कुठे कमी पडतो तेही सांगावे. उगाच ‘सगळे होते’ म्हणून भलामण करू नये. नवखा माणूस एकदा फसला की परत येत नाही.

३. विकतचे किंवा बंदिस्त सांगायचे तर ते तसे आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे. पैसे एकदाच की दरवर्षी, हेही. फुकट पण बंदिस्त असेल तरी हाच नियम.

४. आपला संबंध सांगावा. आपण ते विकतो, त्या कंपनीत मुलगा आहे, नाव सुचवल्याबद्दल सवलत मिळते, जे असेल ते. संबंध नसेल तर तेही म्हणावे.

५. बाहेर पडायची वाट सांगावी. आपला मजकूर, हिशेब, फोटो त्यातून साध्या स्वरूपात बाहेर काढता येतात का? येत नसतील तर दहा वेळा विचार करावा.

६. एकदा सांगून थांबावे. समोरच्याने ‘नको’ म्हटले की विषय सोडावा. पुन्हा पुन्हा सांगितले की ती जाहिरात होते.

७. चोरीची प्रत कधीही सुचवू नये. ‘क्रॅक’ केलेले पेन ड्राइव्हवर देतो, हे आपल्याकडे सर्रास चालते आणि मदत म्हणूनच चालते. मुक्त सॉफ्टवेअरच्या गटात ते सर्वांत वाईट मानतात. तिथली सगळी इमारत परवान्याच्या शब्दावर उभी आहे. दुसऱ्याचा परवाना मोडणाऱ्याला आपला परवाना पाळा असे कोणाला सांगता येईल?

आणि ऐकणाऱ्यांसाठीही दोन गोष्टी. कोणी नकळत विकतचे नाव घेतले तर अंगावर जाऊ नये. बहुतेक वेळा तो माणूस आमच्यासारखा भाबडा असतो, दलाल नसतो. भाचीने आम्हाला चहाच्या वेळी, बाजूला घेऊन सांगितले म्हणून पटले, चारचौघांत सांगितले असते तर आम्ही वाद घातला असता. दुसरे, ज्याची अडचण आहे त्याला आधी मदत करावी, उपदेश नंतर. स्मरणिका बंदिस्त पॅकेजमध्ये का टाइप केली, हा प्रश्न योग्यच आहे, पण वाळवी त्याच्या उत्तरासाठी थांबत नाही.

स्मरणिकेचे काय झाले?

त्या मुक्त साधनातून बहुतेक सगळा मजकूर बाहेर आला. गृहस्थांनी सांगितल्याप्रमाणे रफार आणि पहिली वेलांटी जागोजाग चुकली. जुन्या फाँटमध्ये ही चिन्हे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने टाइप होत, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात, म्हणून हा गोंधळ. विकतच्या साधनाची गरज पडली नाही. कारण आम्ही प्रत्येक लेख त्या त्या घरी नेऊन दिला. मुलांनी, सुनांनी, नातवंडांनी आपल्या आजोबा-आजींचे शब्द एकेक करून सुधारले. एका नातीने तर फोन करून विचारले, “आजोबांनी ‘दमणगंगा’ असं लिहिलं होतं की ‘दमनगंगा’?” वाळवी लागलेल्या प्रतीतले ते पान सुदैवाने शाबूत होते. ‘दमणगंगा’च होते.

आता हा सगळा मजकूर युनिकोडमध्ये, साध्या स्वरूपात, लिबरऑफिसमध्ये ठेवला आहे. उद्या लिबरऑफिस नसले तरी तो उघडेल. तीन लेख मात्र सीडीवर अर्धेच निघाले, आणि छापील प्रतीतली त्यांची पाने वाळवीने नेली. कोणाकडे स्मरणिकेची प्रत असेल तर कृपया मंडळाकडे आणून द्यावी, फोटो काढून लगेच परत करू.

घरात अशा जुन्या फाँटमधल्या फायली असतील, म्हणजे आईच्या पाककृती, वडिलांच्या कविता, लग्नाच्या याद्या, तर रविवारी सकाळी मंडळात घेऊन या. मुक्त साधनांनी काय होते ते आधी करून पाहू. ज्यांना ही साधने स्वतः शिकायची आहेत त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमाचे लिबरऑफिसचे मराठी पाठ आहेत, तेही दाखवू. आणि विकतचे काही सुचवावे लागलेच, तर किंमत सांगू, बाहेरची वाट सांगू, आणि ‘यात तुमचं काय?’ असे तुम्ही विचारायच्या आधीच उत्तर देऊ.